देवगिरीवरील विद्यार्थी

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यांत एकनाथ महाराजांचें मंदिर आहे, आणि सरस्वती भुवन ही जुनी शाळाही त्याच वस्तींत आहे. येथून पैठण दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटर, तर देवगिरीचा किल्ला वायव्येस अवघा १५ किलोमीटर. सोळाव्या शतकांत येथें शहर नव्हतें. खडकी नांवाचें खेडें होतें. मलिक अंबरानें तेथें शहर वसविलें तें १६१० मध्यें, म्हणजे नाथांच्या निर्याणानंतर. पैठणचा एक पोरका मुलगा गुरूच्या शोधांत देवगिरीकडे निघाला, तेव्हां तो याच मुलुखांतून पायीं गेला असला पाहिजे.

श्रोतेहो, नाथांचें संतपण सर्वश्रुत आहे. त्यांचें विद्यार्थिपण मात्र कीर्तनांतील एकदोन आख्यानांपुरतें उरलें आहे, आणि हें थोडें नुकसानीचेंच झालें. पुढें ज्या गुणांनीं हा पुरुष महाराष्ट्रांत ओळखला गेला, त्यांतील कित्येक त्याच्या अंगीं शिकण्याच्या वयांत, देवगिरीवर, बाणले. आणि ते बाणविणारा गुरु मठांत बसणारा नव्हता, किल्ल्याचा कारभार पाहणारा होता.

एकनाथांचा जन्म सुमारें १५३३ चा मानतात. या सालाविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. घराणें विठ्ठलभक्त भानुदासांचें. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी हीं दोघेंही मूल लहान असतांनाच निवर्तलीं, आणि चक्रपाणि व सरस्वतीबाई या आजाआजींनीं नातवाला वाढविलें. मुलगा बुद्धीचा तल्लख, शंका विचारणारा. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो कोणालाही न सांगतां घरांतून निघून गेला. या प्रसंगाचें कौतुक करण्याचीच आपल्याकडे चाल आहे. पण मुलगा व सून गमावलेल्या त्या दोन वृद्ध जीवांनीं नातवावांचून दिवस कसे काढले असतील! गुरूची ओढ कितीही खरी असो, निरोप न घेतां जाणें हा दोषच होता. त्याची फेड पुढें झाली, ती ओघानें येईल.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगांवचे. निजामशाहींत देवगिरीचा कारभार त्यांच्याकडे होता. राजकारण आणि उपासना हीं दोन्हीं त्यांच्या घरीं एकत्र नांदत. मुलगा आला तो ब्रह्मज्ञान मागत; त्याला मिळालें काम. पाणी भरावें, पूजेची सिद्धता करावी, अंथरूण घालावें. आणि हात वळल्यावर कचेरींतील जमाखर्चाचे कागद पाहावे. एखादा पालक आज म्हणेल, मुलाला शिकावयास पाठविलें कीं चाकरीस? परंतु ज्या मुलाची बुद्धि आकाशांत भराऱ्या मारते, त्याला आधीं जमिनीवरच्या एका लहान वस्तूकडे नीट पाहण्यास लावावें, हें त्या कारभारी गुरूनें ओळखलें असावें.

हिशेबाची गोष्ट महिपतींसारख्या चरित्रकारांनीं नाथांच्या मागून बऱ्याच काळानें सांगितली आहे. तिचा अक्षरशः पुरावा मागूं नये. तरी ती मर्माची आहे. एके दिवशीं ताळेबंद जुळेना. चूक होती एका पैची. रात्र झाली, सारे निजले, आणि हा मुलगा दिव्यापाशीं वही घेऊन बसला. रकमा पुनःपुन्हा मांडल्या, पुनःपुन्हा मिळविल्या. पहांटेच्या सुमारास चूक सांपडली, आणि तो आनंदानें टाळी वाजवून उठला.

ज्यांनीं वह्या लिहिल्या आहेत त्यांस यांतील खुबी कळेल. शंभर रुपयांची तफावत स्वतःच ओरडून सांगते. एका पैची तफावत मुकी असते, आणि ती लबाडही असते. कारण जमेकडे एक मोठी चूक व खर्चाकडे तिच्याहून पैनें कमी अशी दुसरी चूक, अशा दोन चुका एकमेकींस झांकून बसल्या, तरी बाहेर दिसते ती एक पैच. पदरची पै टाकून वही मिटणारा कारकून हुशार म्हणविला जातो. पण त्याची वही मात्र खोटी राहते. पै भरून देणें आणि पै शोधणें यांतला हा फरक मुलाला रात्रभराच्या जागरणानें कायमचा कळला.

आणि गुरूनें काय केलें? कथा सांगते कीं, जनार्दनस्वामी जागे झाले, त्यांनीं दिवा पाहिला आणि तल्लीन झालेल्या मुलास न हटकतां ते उभे राहिले. चूक शोधून दिली नाहीं, 'पुरे, झोंप आतां' असेंही म्हटलें नाहीं. टाळी ऐकल्यावर त्यांनीं कारण विचारलें. आणि एका पैसाठीं चित्त इतकें एकाग्र होतें, तर तेंच चित्त ईश्वराकडे लाव, एवढेंच सांगितलें. मुलांत जो गुण प्रकट झाला, तो ओळखून त्याला मोठें क्षेत्र दाखविणें हें शिक्षकाचें काम. आणि तें गुण प्रकट होण्याची वाट पाहिल्यावांचून साधत नाहीं. वाट पाहणें हेंच बहुतेक शिक्षकांस जड जातें.

दुसरी कथा स्वामी समाधींत असतां किल्ल्यावर परचक्र आलें त्या वेळची. शिष्यानें गुरूचा पोशाख व शस्त्रें घेऊन शत्रूस परतविलें आणि सारें जागच्या जागीं ठेवून तो आपल्या कामास लागला, बोलला नाहीं. पुढें शूलिभंजनाच्या डोंगरावर साधना झाली. गुरूबरोबर तीर्थयात्रा करतांना 'चतुःश्लोकी भागवत' हा त्यांचा पहिला ग्रंथ झाला. म्हणजे लेखणी हातीं आली ती हिशेबाची लेखणी झिजल्यानंतर.

इकडे आजोबा शोध करीत देवगिरीस पोंचले. परंपरा सांगते, स्वामींनीं त्यांच्याजवळ एक पत्र दिलें: जेथें हें हातीं पडेल तेथेंच राहावें, विवाह करावा, प्रपंचांत राहून परमार्थ करावा. यात्रा करून परतलेल्या एकनाथांस तें पैठणांत मिळालें, आणि ते तेथेंच थांबले. वृद्धांचा नातू त्यांस परत मिळाला. वैजापूरच्या गिरिजाबाईंशीं त्यांचा विवाह झाला. न सांगतां गेलेला मुलगा एका चिठ्ठीवर थांबला, ही घरच्या दुःखाची फेड खरी.

कचेरींतले दिवस वायां गेले नाहींत, हें त्यांच्या भारुडांत उघड दिसतें. तेथें अर्जदास्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. देह हा गांव आणि जीव हा तेथील कारभारी कल्पून वरिष्ठांस अर्ज करावयाचा, ही युक्ति ज्यानें असे कागद स्वतः हाताळले त्यालाच सुचणार. फारसी मिसळलेली कारकुनी भाषा गांवोगांवच्या लोकांच्या परिचयाची होती. ती त्यांनीं जशीच्या तशी उचलून वेदान्ताच्या कामास लावली. काशीस पूर्ण केलेलें त्यांचें भागवत १५७३ चें. तेथील पंडितांचा मराठीस असलेला विरोध त्यांनीं शांतपणें सोसला, असें सांगतात.

पण देवगिरीवरील ती रात्र खरी फळास आली ती १५८४ मध्यें. ज्ञानेश्वरी १२९० मधली. जवळजवळ ३०० वर्षें ती हातानें नकलली जात होती. नकलणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले, पाठ बिघडले. कोणी भक्तिभावानें आपल्या ओंव्याही घातल्या. नाथ स्वतः सिद्ध कवि. जेथें शब्द अडला तेथें पदरचा सुंदर शब्द घालणें त्यांस एका क्षणाचें काम होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. निरनिराळ्या प्रती जमवून, ताडून पाहून, मूळचा पाठ शोधण्याचा त्यांनीं प्रयत्न केला, आणि यापुढें कोणीं यांत आपली ओंवी घालूं नये असें शेवटीं बजावलें. काम संपल्यावर आपली थोरवी गाण्याऐवजीं त्यांनीं ग्रंथाच्या अखेरीस नोंद केली ती अशी: शक १५०६, तारण संवत्सर, एका जनार्दन. आपल्या नांवाशेजारीं गुरूचें नांव, आणि वही पुरी झाल्याचें साल.