उसना आराम

सकाळी जाग येते, पण बोटे मिटत नाहीत. तांब्या उचलवत नाही, निऱ्या हातात ठरत नाहीत. तासभर गेला म्हणजे सांधे कोठे थोडे सैल होतात. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, तो जडलेल्या माणसाची ही रोजची सकाळ. अशा माणसाला स्टेरॉइडच्या गोळीने दोन-चार दिवसांत हिंडते-फिरते केले, तर ती सोडणे त्याच्या जिवावर येते, यात नवल नाही.

या औषधाचे आगमनच चमत्कारासारखे झाले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबले की दुखणे परतते, हेही लवकरच कळून आले. ते वर्षानुवर्षे घेत राहिले तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्ग बळावतो. हा आराम उसना असतो. त्याचे व्याज शरीर भरते.

मग पर्याय कोणता? मेथोट्रेक्सेट हे आज बहुधा पहिले औषध. ते वेदना तात्काळ शमवीत नाही. सांध्यांची झीज घडविणाऱ्या रोगालाच आवर घालते. त्याचा गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्या काळापुरते स्टेरॉइड अल्प मात्रेत घ्यावे आणि पुढे ते उतरवीत न्यावे, असा आजचा प्रघात आहे. पूल ओलांडण्यासाठी असतो. त्यावर बिऱ्हाड थाटावयाचे नसते.

अर्थात हे औषधही निर्धोक नव्हे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते. यकृताची व रक्ताची तपासणी नियमित करावी लागते, मद्य टाळावे लागते, गर्भारपणी ते वर्ज्यच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्यामानाने सौम्य. मात्र त्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. एवढ्याने भागले नाही तर जैविक इंजेक्शने आहेत. ती महाग असतात, आणि सुप्त क्षयरोग त्यांनी जागा होऊ शकतो. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या आपल्या देशात आधी ती तपासणी अगत्याची.

आता दोन सूचना. हे ऐकून कोणी उद्याच गोळी टाकून देऊ नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. औषध एकाएकी तुटले तर शरीर उघडे पडते. मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच पायरीपायरीने उतरावी. आणि नाव-गाव नसलेल्या पुडीने एका रात्रीत गुण आला, तर हर्ष मानण्याआधी शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

वेदना सोसा, असे मी म्हणत नाही. निर्धोक औषध कोणते, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणता धोका वेळीच ओळखता येतो आणि आवरता येतो, हे मात्र पाहता येते. म्हणून पुढल्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारावे: ही गोळी कधी उतरवावयाची, आणि तिच्या जागी काय?