एडनच्या रोजमेळातील एक नोंद

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. तरीही विश्वस्तांनी ‘आपल्या घराण्यांच्या आठवणी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, म्हणून उभा आहे. आपल्यापैकी काही घरांतील माणसे एकेकाळी एडनला होती. माझे थोरले काका त्यांपैकीच. १९४९ मध्ये ते तेथील एका कापडाच्या पेढीवर मेहता म्हणून गेले.

नव्या पिढीस एडन कोठे, हेही ठाऊक नसते. अरबस्तानच्या दक्षिण टोकाचे हे बंदर इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना तेथील तुरुंगात ठेवले, ते त्यामुळेच. त्यांनी दार उखडून पलायन केले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच देह ठेवला. १९३७ मध्ये एडन स्वतंत्र वसाहत झाले, तरी १९५१ पर्यंत बाजारात रुपयाच चाले. पुढे पूर्व आफ्रिकेचा शिलिंग आला, रुपयास दीड शिलिंग. १९६५ मध्ये दिनार आला, वीस शिलिंगांचा एक. मेहत्याची काय तारांबळ उडत असेल, हे हिशेब लिहिणाऱ्यासच कळेल!

काका क्रेटर भागात राहत. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेली ती वस्ती, उन्हाळा भाजून काढणारा आणि पाण्याची सदैव टंचाई. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि उकळलेले पाणी हा नेम त्यांनी तेथेही मोडला नाही. त्यासाठी लागणारे पाणी एक अरब गृहस्थ रोज पाठीवरून आणून देत असे.

जून १९६७ मध्ये सुवेझ कालवा बंद झाला, बंदर ओस पडले. दंगे, गोळीबार, संचारबंदी नित्याचीच झाली होती. त्याच पावसाळ्यात काका एक पत्र्याची पेटी घेऊन परतले. ३० नोव्हेंबरला इंग्रजही गेले. मी तेव्हा दुसरीत होतो. काकांनी आणलेला खजूर तेवढा स्मरतो.

आणखी एक गोष्ट स्मरते. दर संवत्सरीस सर्वांची क्षमा मागून झाली, की काका पश्चिमेच्या भिंतीकडे वळत आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत. कोणास, असे काकूने विचारले, तर ‘पाणीवाल्यास’ एवढेच उत्तर. आम्ही मुले हसत असू. त्याचे नाव विचारावे, हे कोणासच सुचले नाही. काका १९८९ मध्ये गेले.

१९९४ मध्ये दुकानाचे नूतनीकरण केले, तेव्हा माळ्यावरच्या जुन्या वह्या मी स्वतः रद्दीत दिल्या. किती पैसे आले, तेही आठवत नाही. पुढे पेटीच्या तळाशी १९६४ चा एक रोजमेळ सापडला. त्यात काकांच्या अक्षरात नोंद आहे : ‘पाणीवाल्याची अनामत जमा, शिलिंग ३४०. खाते पान ६२ पाहावे.’ खाली निराळ्या शाईने ‘दिनार १७’. त्या माणसाने पै-पै साठवून काकांकडे ठेवलेली ती रक्कम. निघण्यापूर्वी काका दोन दिवस त्यास शोधत फिरले होते, असे काकू सांगे. तो भेटला नाही. त्याचे नाव, गाव पान ६२ वर असणार, आणि ती खातेवही मीच रद्दीत घातली. मी बी.कॉम. झालेला, वहीची किंमत मला न कळावी! पारशी बांधवांनी १९७६ मध्ये एडनच्या अग्यारीतील पवित्र अग्नी विमानाने लोणावळ्यास आणला, हे वाचले की मान खाली जाते.

म्हणून माझे काही प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घरी एडनची पत्रे, पासपोर्ट, छायाचित्रे अथवा वह्या आहेत काय? क्रेटरमध्ये आपली मंडळी कोणत्या गल्लीत राहत? त्यांच्याकडेही हाच पाणीवाला येत असे काय? एखाद्या वहीत त्याचे नाव असेल काय? अक्षर गुजराती असो वा मोडी, मी वाचून घेईन. कृपा करून रद्दीत मात्र देऊ नका. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी ट्रस्टच्या कार्यालयात बसेन. येताना मूळ वही आणावी, झेरॉक्स मी माझ्या खर्चाने काढीन.