चुकीवरचा हक्क

सातवीच्या मुलांना आम्ही संगणकावर खेळ रचायला शिकवतो. साधन स्क्रॅच, अमेरिकेतील एमआयटीने ते २००७ साली सर्वांना खुले केले. वरून आंबा पडावा, टोपलीत झेलला की १ गुण मिळावा, एवढाच खेळ. एका मुलीच्या खेळात मात्र एकाच आंब्याला २० गुण पडले! आम्ही घाईने माउस हाती घेऊन दुरुस्ती केली. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने आमची दुरुस्ती पुसून आपली चूक परत आणली! आम्ही हात मागे बांधले. आंबा टोपलीला टेकलेला असेतो संगणक पुन्हापुन्हा गुण मोजतो, हे तिनेच ताडले. टेकताच आंबा वर धाडला. यंत्र आज्ञा पाळते, मन ओळखत नाही. ते काम आमचे होते.