मुलींसाठी एक नवे काम

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, भरतकाम, मुलांचे आरोग्य यांविषयी बोलतो. आज मी एका कामाविषयी सांगणार आहे. त्याचे नावही पुष्कळजणींनी ऐकलेले नसेल. हे काम करणाराला आनुवंशिक समुपदेशक म्हणतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला जसे उमगले तसेच सांगते.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा सहा महिन्यांचा झाला आणि पांढराफटक पडू लागला. थॅलेसेमिया निघाला. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागू लागले. 'हिच्या माहेरचेच रक्त वाईट,' असे घरात बोलले जाई. खोटे कशाला सांगू, मी गप्प बसून ते ऐकून घेई.

पुढे इस्पितळात एका बाईंनी दीर-जावेला बोलाविले. सोबत मी व माझी बारावीतली मुलगी होतो. त्या बाई डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. त्यांनी टेबलावर आईची म्हणून एक लाल, एक पांढरे बटण मांडले. बापाचीही तशीच दोन. मूल दोघांकडून एकेक उचलते. दोन्ही लाल आली तरच आजार. म्हणजे दर खेपेस चारांत एक वेळ आजाराची, दोन नुसत्या वाहकाच्या, एक पूर्ण निर्दोष. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नव्हे. चिठ्ठी दर खेपेस नव्याने निघते. शेवटी त्या म्हणाल्या, "वाटा दोघांचा आहे, दोष कुणाचाच नाही." जाऊ तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

घरी येताना मुलगी म्हणाली, "आई, मला हेच शिकायचंय."

या विद्येचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात 1969 साली सुरू झाला. पहिली तुकडी 1971 साली बाहेर पडली. आपल्याकडे आधी जीवशास्त्रातली पदवी घ्यावी, मग एम.एस्सी. करावे. घराण्याच्या तीन पिढ्यांची माहिती विचारून नकाशा काढावयाचा, कोणती तपासणी कशासाठी ते सांगावयाचे आणि उत्तर आले की ते सोप्या शब्दांत समजवावयाचे. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, घराण्यात चालणारा स्तनाचा कर्करोग, सारे यात येते. निर्णय मात्र घरच्यांचाच; समुपदेशकाने आपले मत लादावयाचे नसते. गर्भाचे लिंग तर सांगावयाचेच नाही. 1994 चा कायदा तसा आहे. जागा अजून थोड्या, त्याही बहुधा मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत नि प्रयोगशाळांत, हेही मी लपवीत नाही.

मुलीने स्वतःचे रक्त तपासून घेतले. ती वाहक निघाली. प्रकृती ठणठणीत आहे, पण लाल बटण तिच्यापाशी आहे. गेल्या वर्षी एक चांगले स्थळ आले. सगळे म्हणाले, बोलू नका. ती म्हणाली, "उद्या मी लोकांना खरं सांगायचं आणि स्वतःचं झाकायचं?" तिने मुलाला सांगितले, तपासणी करावयास सुचविले. मुलगा वाहक नसता तर त्यांच्या मुलांना हा आजार झालाच नसता. पण ते स्थळ तपासणीआधीच मोडले. मी रात्रभर रडले. ती सकाळी पुस्तके घेऊन कॉलेजात गेली.

हे इथे सांगू का, असे मी तिला विचारले. ती 'सांग' म्हणाली.

म्हणून भगिनींनो, दोन विनंत्या करते. पत्रिकेबरोबर मुलामुलींची हिमोग्लोबिनची ही तपासणीही पाहा. नुसत्या रक्तगटाने हे कळत नाही. आणि एखादी हुशार मुलगी हे काम शिकू म्हणाली, तर 'ही कसली नोकरी' म्हणून तिला अडवू नका. जावेला बोल लागत होता तेव्हा मी गप्प बसले होते. आज तीही समोर बसली आहे. तिच्यादेखत हे बोलावयाचे होते.