बरोबरीत सुटलेला डाव
(वीर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



काल बुद्धिबळाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि ढाल कोणास द्यावी, असा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे उभा राहिला. चिठ्ठी टाकावी, असे काहींचे म्हणणे. दोघांनी संगनमत केले, अशीही कुजबुज कानी आली. पंच म्हणून मी पटाशेजारी होतो. तेव्हा प्रथम डावच सांगतो.

खेळाडू दोघेही तोलामोलाचे, ओटीवर खेळूनच तयार झालेले. वजीर, हत्ती, घोडे एकास एक मारले गेले. अखेरीस पांढऱ्याकडे राजा व अगदी काठावरचे एक प्यादे राहिले. काळ्याकडे नुसता राजा. पाहणाऱ्यांस वाटले, प्याद्याचा वजीर झालाच! परंतु काळा राजा त्या प्याद्याच्या वाटेवरील कोपऱ्यात वेळेवर जाऊन बसला होता. काठावरच्या प्याद्याच्या एका अंगाला पटच नसतो. त्यामुळे राजाला कोपऱ्यातून हुसकावण्यास दुसरी बाजू उरत नाही. प्यादे पुढे रेटावे, तर काळ्यास हलावयास घर राहत नाही; आणि शह नसताना घर न उरले, तर डाव बरोबरीचा. हेच प्यादे मधल्या पट्टीत असते, तर निकाल निराळा लागण्याचा संभव होता. आपल्या वाडवडिलांच्या देशी खेळात राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ म्हणत. तो शब्द जाणणारे आता थोडेच. काळ्याने तो कोपरा पुष्कळ आधी हेरला होता. यात संगनमत कोठे आले?

१९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. त्यात कोणास कमीपणा आला नाही. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. तेथे विजेती एकच हवी होती. म्हणून जलद डाव खेळविले व त्यांत दिव्या जिंकल्या. म्हणजे मान वाटून द्यावा, नाहीतर पट पुन्हा मांडावा. चिठ्ठीत बुद्धी कोठली आणि बळ कोठले?

पुन्हा खेळविण्यास आज सवड नाही. पोलादपूरकडील मंडळी निघण्याच्या तयारीत आहेत. म्हणून माझी सूचना अशी, की ढालीवर दोन्ही नावे कोरावीत; पहिले सहा महिने ती वीरास राहावी व पुढील सहा पोलादपुरास. अध्यक्षमहाराजांनी सभेचे मत घ्यावे.