घरातलं वाय-फाय कुणाच्या हाती?



२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकी भाडेकरूच्या फ्लॅटवर. त्याचं वाय-फाय उघडं होतं, मेल भलत्याच कुणी पाठवला होता. चौकशी मात्र त्याची झाली. आपल्या मोहल्ल्यात असं घडलं तर काय होईल, ते मी सांगायला नको.

म्हणून आज घरी गेलात की राउटर उलटा करून पाहा. मागे पत्ता छापलेला असतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड दोन असतात, इथंच लोकांचा घोळ होतो. एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. हा दुसरा ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिला, तर तुमचं वाय-फाय वापरणारा कुणीही आत शिरून सगळं बदलू शकतो. आधी तोच बदला. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा; जुनं डब्ल्यूईपी काही मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद, फायरवॉल चालू. पण फायरवॉल बाहेरून घुसणाऱ्याला अडवते, पासवर्ड ठाऊक असलेल्याला नाही.

शेजारच्या मुलीला अभ्यासाला नेट देऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर द्या, गेस्ट नेटवर्कवरून. मात्र त्यावरूनही बाहेर पत्ता तुमचाच दिसतो, तेव्हा पासवर्ड ओळखीतच ठेवा, अधूनमधून बदला.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी चहानंतर थांबा. राउटरचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर उत्तम.