गोळ्यांची पिशवी
(हृदयरुग्णांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. तथापि एकच रक्कम दोनदा नोंदली गेली की मला ती खुपते, आणि आज विषय तोच आहे.

अ‍ॅम्लोडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ गटातील औषधे. नाव ऐकून चाकणच्या एका भगिनींनी यजमानांचे दूधच बंद केले होते! तसे कारण नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम ही औषधे रोखतात. वाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात एकाच रुग्णाचे कारखान्याचे डॉक्टर वेगळे, घराजवळचे वेगळे, गावाकडचे आणखी वेगळे. प्रत्येक चिठ्ठी आपल्या जागी बिनचूक असते. या यजमानांच्या पिशवीत मात्र दोन कंपन्यांच्या दोन नावांनी अ‍ॅम्लोडिपिनच निघाले. चक्कर येते म्हणून ते आले होते. रात्रपाळीचा थकवा असावा, असा घरच्यांचा समज.

याहून गंभीर जोडी म्हणजे डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल आणि सोबत अ‍ॅटेनोलॉल वा मेटोप्रोलॉल. दोन्हींनी नाडी मंदावते. एकत्र घेतल्यास ती धोकादायक पातळीवर जाऊ शकते. हृदयाची पंपशक्ती क्षीण असल्यास डिल्टियाझेम व व्हेरापामिल सहसा टाळतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने या गटातील औषधांचा प्रभाव वाढतो. म्हणून खोकल्यासाठी गेलात तरी हृदयाच्या गोळ्या सांगाव्यात.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते. मात्र सूज हृदय थकल्याचेही लक्षण असते. तेव्हा गोळी परस्पर बंद करू नये, लघवीची गोळीही मनाने सुरू करू नये. रात्रपाळीत गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कुटू नये.

पूर्वी दाब वाढताच निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. दाब एकाएकी कोसळून हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, म्हणून १९९६ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तज्ज्ञांनी ही पद्धत थांबवण्याचा आग्रह धरला. घरात कुणी हा जुना उपाय सुचवल्यास करू नये.

तपासणीस येताना सर्व पट्ट्या पिशवीत घालून आणाव्यात, अर्धवट कापलेल्याही. दुकानदार पट्टी कापून देतात तेव्हा नाव बहुधा दुसऱ्या तुकड्यावर राहते. म्हणून बिल मागून घ्यावे आणि त्याच पिशवीत ठेवावे.